पार्क बंद झाल्यावर ट्रॉन: मॅजिक किंगडमच्या ‘आफ्टर अवर्स’ रात्रीतून पैसे कसे वसूल करावेत

फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडममध्ये दिवसा ट्रॉन या रोलर कोस्टरच्या रांगेत तास-दीड तास जाणं यात नवल नाही. गाडी जोरात पळते ती मात्र जेमतेम मिनिटभर. ‘डिस्ने आफ्टर अवर्स’ हे वेगळं तिकीट या दुखण्यावरचा महागडा उपाय आहे. पार्क बाकीच्यांसाठी बंद झालं की मर्यादित लोकांना आणखी तीन तास आत राहू देतात. बहुतेक वेळा रात्री १० ते १, क्वचित तासभर अलीकडे-पलीकडे. ही सोय २०१६ पासून आहे. तारखेप्रमाणे भाव बदलतो, पण माणशी १५० ते २०० डॉलर धरून चाला.

तिकिटात पॉपकॉर्न, आइसक्रीम आणि बाटलीबंद पेयं हवी तेवढी मिळतात. ती घ्यावीत, पण त्यासाठी कुणी एवढे पैसे मोजत नाही. या तीन तासांत आवडत्या राईडवर किती वेळा बसलात, एवढाच हिशेब खरा. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे. राजवाड्यासमोरचे फोटो आणि मिकीची गळाभेट हवी असेल तर दिवसाचं साधं तिकीट पुरे.

तिकीट आणि तारीख

या तिकिटावर संध्याकाळी ७ पासूनच आत सोडतात आणि त्या दिवसासाठी दुसरं तिकीट लागत नाही. अनेक जण इथेच चुकतात. सकाळचं तिकीट काढून दिवसभर फिरतात, वर आफ्टर अवर्सचं घेतात आणि रात्री ११ला बाकावर पेंगतात. तीन-चार दिवसांचा पास असेल तर त्यातला दिवस या तारखेला खर्च करू नका. सकाळी झोपा, पोहा, खरेदी करा. ७ वाजता ताजेतवाने आत गेलात तरी हातात सहा तास असतात.

तीन वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला तिकीट लागतं. पैसे परत मिळत नाहीत, पाऊस पडला तरी नाही. कार्यक्रम रोज नसतो, ठरावीक रात्रीच असतो. शिवाय ऑगस्टपासून मॅजिक किंगडममध्ये हॅलोविनच्या आणि पुढे नाताळच्या वेगळ्या तिकिटाच्या पार्ट्या सुरू होतात. आफ्टर अवर्सची खात्रीची वेळ म्हणजे वर्षाचा पहिला निम्मा भाग. काही रात्री सगळी तिकिटं आधीच संपतात, त्यामुळे दारात जाऊन बघू, हा विचार सोडा. काढण्याआधी त्या तारखेला कोणत्या राईड्स दुरुस्तीसाठी बंद आहेत तेही पाहा. बिग थंडर माउंटनसारखी राईड २०२५च्या जानेवारीत बंद झाली ती महिनोन्महिने बंदच होती.

डिस्नेच्या डीलक्स दर्जाच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना काही रात्री दोन तास जादा मिळतात, तेही वेगळे पैसे न देता. तो प्रकार निराळा. त्याला त्या दिवसाचं पार्कचं तिकीट लागतं, आणि पाहुण्यांची संख्या मोजून मर्यादित केलेली नसल्याने गर्दीही जास्त असते. पण तुम्ही तसंही त्या हॉटेलात उतरणार असाल, तर आफ्टर अवर्सवर वेगळा खर्च करण्याआधी ती रात्र वापरून बघा.

भारतातून जाणाऱ्यांना एक फायदा फुकटात मिळतो. मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत फ्लोरिडा आपल्या साडेनऊ तास मागे असतं, थंडीत साडेदहा. म्हणजे तिथे रात्रीचे १० वाजतात तेव्हा उन्हाळ्यात पुण्या-मुंबईत सकाळचे साडेसात झालेले असतात आणि तुमचं शरीर उठायच्या बेतात असतं. उलट तिथली दुपारी ४ ते ६ ही वेळ म्हणजे इथली मध्यरात्र उलटून गेलेली, तेव्हा डोळे उघडे राहत नाहीत. म्हणून आफ्टर अवर्सची रात्र पोहोचल्यापासून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची घ्या आणि दुपारी तीन-चार तास सरळ झोपा. जेट लॅगशी भांडण्यापेक्षा त्याला कामाला लावलेलं बरं. आठवडाभर राहून घड्याळ जुळल्यावर ही गंमत उरत नाही.

कोण बसू शकतं

ट्रॉनला किमान उंची १२२ सेंटिमीटर लागते. याच पार्कातल्या दुसऱ्या राईड्सपैकी स्पेस माउंटनला ११२, सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ९७. घरीच भिंतीला पाठ लावून मोजा. १२० सेंटिमीटरच्या पोराला दारात कितीही गयावया केली तरी सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. सोबत लहान मूल असेल तर प्रवेशाशी ‘रायडर स्विच’ मागा. एक जण मुलाजवळ थांबतो, दुसरा बसून येतो, मग पहिल्याला पुन्हा सगळी रांग लावावी लागत नाही.

ट्रॉनवर खुर्ची नसते. मोटारसायकलवर पुढे वाकून बसावं तसं बसायचं असतं, गुडघे दुमडून आणि छाती पुढच्या गादीवर टेकवून. म्हणून इथे पोटापेक्षा पोटऱ्या आणि गुडघे जास्त नडतात. पाय जागेवर धरणारा अडसर पोटरीच्या मागून येतो. पोटरी जाड असेल तर तो बसत नाही आणि उतरावं लागतं. प्रवेशाबाहेर नमुन्याची एक बाईक ठेवलेली असते. ७ ते १०च्या वेळात तिथे जाऊन बसून बघा, म्हणजे रांग लावून वर गेल्यावर फजिती होणार नाही. आई-बाबांचे गुडघे दुखत असतील किंवा पाय टाकून बसणं जमत नसेल, तर काही गाड्यांच्या शेवटच्या ओळीत नेहमीसारखी बसायची सीट असते. वर चढण्याआधीच कर्मचाऱ्याला तसं सांगा, ती गाडी यायला थोडं थांबावं लागेल. पाठीचं, मानेचं किंवा हृदयाचं दुखणं असेल, किंवा दिवस गेलेले असतील, तर या राईडच्या वाटेला जाऊ नये.

वेगाची धास्ती असेल तर एक माप देतो. ट्रॉनचा वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास जातो, पण ती कुठेही उलटी होत नाही. खोपोलीच्या इमॅजिकातली नायट्रो पाच वेळा उलटी करते आणि तिथे पायांखाली फळीही नसते. नायट्रो पचवलेल्या माणसाने ट्रॉनला घाबरायचं कारण नाही. सुरुवातीचा जोराचा धक्का सोडला तर बाकी सगळं गुळगुळीत आहे.

अंगावर काय, खिशात काय

साडी नको, घेरदार स्कर्टही नको, कारण पाय दोन्ही बाजूंना टाकायचे आहेत. सलवार-कमीज चालतं, फक्त ओढणी पिशवीत जाऊ द्या. लांब मंगळसूत्र कपड्याच्या आत घ्या, पुढे वाकल्यावर ते छाती आणि गादीच्या मध्ये टोचतं. पायात पट्टा असलेलं काहीतरी हवं. जानेवारी-फेब्रुवारीत तिथल्या रात्री थंड असतात, कधी पारा १०पर्यंत उतरतो, आणि ट्रॉनचा पहिला टप्पा उघड्यावर आहे. चेन लावता येईल असं पातळ जॅकेट घ्या.

थंडीच्या रात्री टियानाज बायू ॲडव्हेंचर ही पाण्याची राईड शेवटाला ठेवा किंवा सोडूनच द्या. ओल्या जीन्सवर ट्रॉनची गादी आणि वारा म्हणजे शिक्षा.

बाहेरचं खाणं पार्कात न्यायला हरकत घेत नाहीत. काचेची बरणी, मद्य आणि सुटा बर्फ तेवढा चालत नाही. तहानलाडू-भूकलाडू घरून न्या: चटणी लावून गुंडाळलेली पोळी, दशमी, खाकरा. पूर्ण जेवण साडेआठच्या आत उरका. भरल्या पोटी पुढे वाकून बसणं वाईट, आणि रिकाम्या पोटी लागोपाठ चार राईड्स त्याहून वाईट. गाडी लागण्याचा त्रास असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून आधीच ठरवा. ती राईडच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते. मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग होत नाही, आणि अशा बऱ्याच गोळ्यांनी झोपही येते.

लॉकर आणि बाईक

ट्रॉनवर पिशवी नेऊ देत नाहीत. रांगेत आत गेल्यावर फुकट लॉकर आहेत, ते तुमच्या मॅजिकबँडने (डिस्नेचा मनगटावरचा पट्टा) किंवा तिकिटाच्या कार्डाने उघडतात. लॉकरला दोन तोंडं आहेत. जाताना एका बाजूने सामान ठेवायचं, येताना पलीकडच्या बाजूने काढायचं. घोळ होतो तो असा: चौघांचं सामान काकांच्या बँडवर ठेवलं आणि काका उतरून तडक आइसक्रीमकडे गेले, की बाकीचे तिघे लॉकरपाशी अडकतात. कुणाच्या बँडवर ठेवलं ते बोलून ठरवा आणि तोच माणूस तिथे थांबेल असं बघा.

त्याहून सोपं म्हणजे पिशवीच नको. हातात काही नसेल तर लॉकरपाशी न थांबता पुढे जाता येतं आणि प्रत्येक फेरीमागे दोन-तीन मिनिटं वाचतात. न बसणारा कुणी सोबत असेल तर पिशव्या त्याच्याकडे. चष्मा आणि फोन यांच्यासाठी बाईकवरच समोर झाकणाचा छोटा कप्पा आहे. झाकण नीट लागलं का ते हाताने दाबून बघा. मोठ्या फोनला जाड कव्हर असेल तर तो त्यात मावेलच असं नाही.

बसायची पद्धत:

१. पाय टाकून बसा आणि जमेल तेवढं पुढे सरका. मागे रेलून बसलात तर पुढचं काहीच जमत नाही.

२. नडग्या खालच्या गादीला टेकवा आणि पावलं मागे जाऊ द्या.

३. छाती पुढच्या गादीवर ठेवून दोन्ही हातांनी हँडल धरा आणि आपल्याकडे ओढा. त्याबरोबर पाठीवरचा आधार खाली येतो आणि पोटऱ्यांमागचा अडसर बसतो.

४. हँडल अर्ध्यावर अडलं तर जोर लावू नका. आणखी दोन बोटं पुढे सरकून पुन्हा ओढा, बहुतेक वेळा तेवढ्याने बसतं.

गाडीत सात ओळी, ओळीत दोघे, म्हणजे एकूण चौदा. दिवसा सांगतील तिथे बसावं लागतं. आफ्टर अवर्सला ‘पहिली ओळ मिळेल का’ असं विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत, फार तर दोन गाड्या जाईपर्यंत तुम्हाला थांबवतात. एक फेरी तरी पहिल्या ओळीतली हवीच. गाडी झटक्यात बाहेर पडते आणि रंग बदलणाऱ्या लाटेसारख्या छताखालून वळते. रात्री समोर दुसरी गाडी नसताना ते छत पूर्ण दिसतं. मागच्या ओळींत हे दृश्य हरवतं, पण वळणांवर ओढ जास्त जाणवते. आतला अंधारातला भाग कुठूनही सारखाच.

रात्र कशी लावावी

पहिली चूक सगळे करतात ती म्हणजे ठोक १० वाजता ट्रॉनकडे धावणं. दिवसाच्या तिकिटावर आलेल्या माणसाने ९:५९ला रांगेत पाय ठेवला तरी त्याला बसू देतात. त्यामुळे १० वाजता ट्रॉन आणि माइन ट्रेनची रांग दिवसाच्या लोकांनी भरलेली असते, आणि ती उपसायला अर्धा-पाऊण तास जातो. तुम्ही जास्तीचे पैसे देऊन त्याच गर्दीच्या शेपटाला उभे राहता.

म्हणून पहिला तास दुसरीकडे काढा. ७ ते १०मध्ये जेवण, हातावर आफ्टर अवर्सचा पट्टा बांधून घेणं आणि बाईकची चाचणी उरका. १०ला स्पेस माउंटन. ती १९७५ची राईड, दोन स्वतंत्र रूळ, एका रॉकेटमध्ये सहा जण एकामागे एक. वेग ताशी ४५ किलोमीटरच्याच आसपास, पण काळोखात पुढचं वळण दिसत नसल्यामुळे तो दुप्पट वाटतो. डावा आणि उजवा रूळ साधारण एकमेकांचे आरसे आहेत, तेव्हा रांग नसेल तर दोन्ही करा. गुरुत्वाकर्षणावर चालणारी जुनी राईड दिवसभर फिरून चाकं आणि वंगण तापल्यावर जरा जास्त सुटते, त्यामुळे रात्रीची फेरी सकाळपेक्षा झणझणीत लागते. ट्रॉनला हा फरक फारसा जाणवत नाही, कारण तिला यंत्रच ठरलेल्या वेगाने ढकलतं.

तिथून फँटसीलँडमधल्या लहान राईड्स, हाँटेड मॅन्शन, ज्याला जे हवं ते. माइन ट्रेन ११ नंतर. तिची रांग इतरांपेक्षा हळू ओसरते, कारण लहान मुलांच्या घरांनाही ती चालते. साडेअकरापासून ते शेवटपर्यंत ट्रॉन आणि फक्त ट्रॉन.

रांग नसली तरी ट्रॉनची एक फेरी, चालणं, चढणं, उतरणं आणि पुन्हा दारापर्यंत येणं धरून १२ ते १५ मिनिटांची होते. उतरून पुन्हा फिरून यावंच लागतं, सीटवर बसून राहायचं नसतं. म्हणजे दीड तासात पाच-सहा फेऱ्या निघतात. तीन सलग झाल्या की दहा मिनिटं बसा, पाणी प्या. मान पुढे वाकवून धक्का घेतल्याने डोकं जड होतं, आणि चौथ्या फेरीला मजा कमी होऊन नुसता आकडा वाढतो.

दारावरच्या फलकावरचा थांबण्याचा वेळ रात्री बऱ्याचदा फुगवलेला असतो, विशेषतः शेवटच्या तासात. स्वतः मोजा. गाडी दर ३० ते ४० सेकंदांनी सुटत असेल तर तासाला १,६८० ते १,२६० माणसं जातात, म्हणजे तुमच्या पुढच्या दर शंभर माणसांमागे चार-पाच मिनिटं. फलक ३० सांगतोय आणि पुढे दीडशेच माणसं दिसतायत, तर बिनधास्त घुसा. गाडी मिनिट-दीड मिनिट सुटलीच नाही तर आत काहीतरी अडलंय असं समजा.

दिवसा पैसे घेऊन दिली जाणारी ‘लाइटनिंग लेन’ ही वेगळी झटपट रांग या तीन तासांत बंद असते, त्यामुळे मध्ये घुसणारं कुणी नसतं. रांग सरळ आणि खरी असते, हिशेब जमतो तो त्यामुळेच.

काय बिघडतं आणि तेव्हा काय करावं

रूळ तुकड्यांत वाटलेला असतो आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडतात. वर कुणाचं हँडल बसत नाहीये, कुणी उतरायला वेळ लावला, कुणाचा फोन पडला, की मागच्या गाड्या ब्रेकवर थांबतात. यंत्रणेने धोका टाळण्यासाठी घेतलेला तो थांबा असतो, घाबरायचं काही नाही. बसल्या जागी थांबा, स्वतःहून पाय सोडवायला जाऊ नका. असा खोळंबा पाच-सात मिनिटांत संपतो. वीस मिनिटांच्या वर गेला तर रांगेतून बाहेर पडा आणि दुसरं काही करून या.

वीज चमकायला लागली की ट्रॉन बंद होते, कारण तिचा एक भाग उघड्यावर आहे. जून ते सप्टेंबरमध्ये दुपार-संध्याकाळी गडगडाट ठरलेला. बहुतेक वेळा तो १०पर्यंत निवळतो, पण धरून चालू नका. ढग दिसताच शेजारच्या स्पेस माउंटनकडे वळा. ती पूर्ण छपराखाली आहे, आणि बंदची घोषणा झाल्यावर बाकीचे सगळे तिकडेच येणार आहेत. विजा थांबल्यावर कर्मचारी आधी रिकाम्या गाड्या फिरवून बघतात. छताखालून रिकामी गाडी जाताना दिसली की दाराशी जाऊन उभं राहायची वेळ झाली.

शेवटची फेरी आणि परतीची वाट

कार्यक्रम १ला संपत असेल तर १२:५५ला ट्रॉनच्या रांगेत असा. १च्या आत रांगेत आलेल्याला बसू देतात. हाच नियम दिवसाच्या लोकांनी १०ला तुमच्यावर वापरला होता.

उतरल्यावर बाहेर पडण्याची घाई करू नका. त्याच वेळी सगळे मोनोरेल आणि फेरीबोटीकडे निघतात. मेन स्ट्रीटवरची दुकानं त्यानंतरही थोडा वेळ उघडी असतात, तिथे पंधरा मिनिटं घालवली तर पुढची रांग ओसरते.

उबर किंवा टॅक्सी मॅजिक किंगडमच्या दाराशी येत नाही. ती ‘ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटर’लाच येते, तिथवर मोनोरेल किंवा बोटीने यावं लागतं. म्हणून पार्कातून बाहेर पडताच गाडी बोलावू नका. ड्रायव्हर आधी येऊन थांबतो आणि वाट पाहण्याचे पैसे चढतात. पलीकडे उतरलात की मगच बोलवा. स्वतःची गाडी असेल तर तीही याच सेंटरपाशी लावलेली असते. वाहनतळाच्या विभागांना डिस्नेच्या नायक-खलनायकांची नावं आहेत. संध्याकाळी गाडी लावतानाच खांबावरचं नाव आणि ओळीचा आकडा यांचा फोटो काढा. पॉवर बँकही जवळ असू द्या, कारण रात्री दीडला तो फोटो ज्या फोनमध्ये आहे, नेमकी त्याचीच बॅटरी संपलेली असते.